हाडाचं उत्तर : खांद्याच्या कृत्रिम सांध्याची सव्वाशे वर्षं

माझ्या उजव्या खांद्याचे आठ एक्स-रे एका दुपारी मी गॅलरीच्या काचेला चिकटपट्टीने ओळीने लावले. पहिला 2011 सालचा, शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशीचा. शेवटचा गेल्या वर्षीचा. आठही चित्रांत धातूचा गोळा आणि त्याचा दांडा अगदी तसाच होता, पांढराशुभ्र, कालच बसवल्यासारखा. धातूभोवतीचं हाड मात्र आठही ठिकाणी सारखं नव्हतं.

हा फरक मला डॉक्टरांनी दाखवला होता. दंडाच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, पहिल्या फोटोत जाड पांढरी कड होती. ती आता पातळ आणि फिकट झाली होती. खाली, दांडा जिथे संपतो तिथे, हाड उलट दाट झालं होतं. आणि खांद्याच्या उखळीत जी प्लास्टिकची वाटी बसवली आहे, तिच्यामागच्या सिमेंटला लागून केसाएवढी एक काळी रेघ होती.

“पण मला दुखत तर काहीच नाही,” मी म्हटलं. खरोखरच दुखत नव्हतं. ज्या हाताने वेणी घालता येत नव्हती, त्या हाताने मी आता वरच्या फळीवरचे डबे काढत होते.

“हाडाला दुखायची घाई नसते,” डॉक्टर म्हणाले. “पुढच्या वर्षी पुन्हा फोटो काढू.”

इतिहास शिकवण्यात माझी तीस-बत्तीस वर्षं गेली. त्यामुळे घरी आल्यावर पहिला प्रश्न पडला तो शिक्षिकेचा : हे कधीपासून माहीत आहे? वाचायला बसले तेव्हा लक्षात आलं, की कृत्रिम सांध्यांचा इतिहास बहुतेक ठिकाणी धातूंचा आणि शल्यविशारदांचा इतिहास म्हणून लिहिलेला असतो. आधी हस्तिदंत, मग प्लॅटिनम, मग कोबाल्ट-क्रोम, मग टायटॅनियम. त्यात हाडाचं काम भिंतीचं. खिळा ठोकला की संपलं. तीच हकीगत हाडाच्या बाजूने वाचली, तर मात्र वेगळी निघते. प्रत्येक पिढीने हाडापुढे एक वस्तू ठेवली आणि हाडाने तिला उत्तर दिलं. ते उत्तर तयार व्हायला कधी दोन वर्षं लागली, कधी पंधरा-वीस. आणि ते उलगडायला माणसांना अनेकदा त्याहून जास्त.

*

आधी खांद्याविषयी थोडं. शाळेत आपण शिकतो की खांदा आणि खुबा हे दोन्ही उखळीचे सांधे. खुब्याची उखळ खरोखरच खोल असते, मांडीच्या हाडाचं डोकं तिच्यात रुतून बसतं. खांद्याची उखळ मात्र नावापुरती. फऱ्याच्या हाडाच्या कडेला असलेली ती एक उथळ बशी. दंडाच्या हाडाच्या डोक्याच्या मानाने तिचा विस्तार तिसऱ्या-चौथ्या हिश्श्याएवढा. बशीवर लिंबू ठेवावा तसं हे डोकं तिथे असतं, आणि ते घसरू नये म्हणून चार स्नायू आपल्या दोऱ्यांनी त्याला चहूबाजूंनी आवळून धरतात. हात जितक्या दिशांना फिरतो तितका शरीरातला दुसरा कुठलाच मोठा सांधा फिरत नाही, त्याची किंमत ही : आधार हाडाचा कमी आणि स्नायूंचा जास्त. बशी लहान, तिच्यामागचं हाडही थोडंच. कृत्रिम सांधा रोवायला इथे जागा मोजकीच मिळते, आणि ती एकदा गमावली की पुन्हा मिळवणं अवघड.

अशा या सांध्यात पहिली कृत्रिम वस्तू बसवली गेली ती पॅरिसमध्ये, 1893 च्या मार्च महिन्यात. शल्यविशारद होते ज्यूल एमिल पेआं. हे त्या काळचं मोठं नाव. आंरी जेर्वेक्स या चित्रकाराने 1887 मध्ये त्यांना काळ्या कोटात, विद्यार्थ्यांच्या घोळक्यात, शस्त्रक्रियेपूर्वी बोलताना रंगवलं आहे. रुग्ण होता 37 वर्षांचा एक पाव भाजणारा. खांद्याच्या हाडाला क्षय झालेला, आणि हात खांद्यापासून कापून टाकणं हा त्यावरचा रूढ उपाय. त्याने तो नाकारला. पोटच हातावर असलेला माणूस, तो दुसरं काय म्हणणार?

पेआंनी सडलेलं हाड काढलं आणि त्या जागी बसवायचा सांधा एका दंतवैद्याकडून करून घेतला. जे. पोर्टर मायकेल्स हे त्याचं नाव. दंतवैद्याकडे जाण्यात नवल नव्हतं. जिवंत हाडात परकी वस्तू बसवायची सवय त्या काळी कोणाला असेल तर ती दात बसवणाऱ्यांनाच. मायकेल्सने पॅराफिनमध्ये उकळून कठीण केलेल्या रबराचा गोळा केला आणि दंडाच्या हाडाच्या जागी प्लॅटिनमची नळी दिली. या कल्पनेमागे बर्लिनचे थेमिस्टोक्लेस ग्लुक होते. त्यांनी 1890 च्या सुमारास हस्तिदंताचे सांधे करून क्षयाने खाल्लेल्या गुडघ्यांत बसवले होते, आणि ते पक्के करायला राळेसारख्या पदार्थांचं मिश्रण वापरलं होतं. त्यांचे सांधे जंतुसंसर्गापुढे टिकले नाहीत.

पेआंचा रुग्ण बरा झाला, हात हलवू लागला. पण क्षय गेला नव्हता. जखम वाहत राहिली आणि सुमारे दोन वर्षांनी तो सांधा काढून टाकावा लागला. वैद्यकाच्या इतिहासात ही नोंद सहसा ‘पहिला प्रयत्न, अयशस्वी’ अशा एका ओळीत संपते. माझं लक्ष गेलं ते पुढच्या तपशिलाकडे. त्या परक्या वस्तूभोवती हाडाचं एक कवच तयार झालेलं आढळलं. म्हणजे रबर आणि प्लॅटिनम आत गेल्यापासून हाड स्वस्थ बसलं नव्हतं. त्या वस्तूभोवती ते स्वतःची भिंत बांधत होतं.

तो सांधा पुढे अमेरिकेत गेला आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहात पोचला. वस्तू जपली गेली. हाडाचं ते कवच म्हणजे काय, हा प्रश्न मात्र बरीच वर्षं कुणी उचलला नाही.

*

खरं तर त्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आदल्याच वर्षी छापून आलं होतं, तेही ग्लुक यांच्याच बर्लिनमध्ये. 1892 मध्ये ज्युलियस वोल्फ यांनी हाडांच्या रूपांतराच्या नियमावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याची सुरुवात मात्र पंचवीस वर्षं आधीची, आणि स्थळ झुरिक. 1866 मध्ये तिथले शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर मांडीच्या हाडाच्या आतल्या जाळीची चित्रं दाखवत होते. श्रोत्यांत कार्ल कुलमान नावाचे स्थापत्य अभियंते होते. मांडीच्या हाडाच्या वाकड्या मानेतल्या त्या जाळीच्या रेषा पाहून त्यांच्या लक्षात आलं, की ओझं उचलणाऱ्या वाकड्या क्रेनमध्ये ताण आणि दाब ज्या रेषांनी वाहतात, जवळजवळ त्याच रेषांवर निसर्गाने हाड रचलं आहे.

वोल्फ यांनी हा धागा पुढे नेला. हाडावरचा भार बदलला की हाडाची आतली रचना बदलते आणि मग बाहेरचा आकारही बदलतो, असं त्यांनी मांडलं. गावाकडच्या माणसाला हे पायवाटेच्या उदाहरणाने पटेल. वहिवाट असली की वाट राहते. माणसं जायची थांबली की चार पावसाळ्यांत ती बुजते. भार हीच हाडाची वहिवाट. टेनिस खेळणाऱ्याच्या रॅकेटच्या हातातलं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळात महिनोन्‌महिने राहिलेल्या माणसाच्या खुब्याचं हाड दर महिन्याला एक टक्का किंवा त्याहून जास्त घटतं.

हे कसं होतं, ते पुढच्या शतकात कळलं. हाडात दोन प्रकारचे कारागीर सतत कामाला असतात. एक हाड पोखरणाऱ्या पेशी, दुसऱ्या हाड रचणाऱ्या. पोखरायला सुमारे तीन आठवडे लागतात, तेवढंच पुन्हा भरायला तीन महिने. प्रौढ माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा हिस्सा दर वर्षी असा नवा होतो. आणि हाडाच्या आत गाडल्यासारख्या बसलेल्या तिसऱ्या पेशी कुठे भार पडतो, कुठे पडत नाही याची खबर ठेवतात. जिथे भार नाही तिथे पोखरणं चालू राहतं आणि भरणं मागे पडतं. नुसतं मोडणं स्वस्तात, बांधणं महाग. त्यामुळे हाड वेगाने जातं आणि सावकाश येतं.

1892 चा हा नियम आणि 1893 ची ती शस्त्रक्रिया यांची गाठ पडायला मात्र पाऊण शतकाहून जास्त काळ गेला. वोल्फ यांचा नियम वाकडी हाडं सरळ करणाऱ्यांच्या शास्त्रात राहिला. सांधे बनवणारे तेव्हा वेगळ्याच शत्रूशी लढत होते, आणि तो होता जंतुसंसर्ग. जखम चिघळून वस्तू दोन वर्षांत बाहेर येत असेल, तर विसाव्या वर्षी हाडाचं काय होईल हा प्रश्न कुणाला पडणार?

*

तो प्रश्न पडण्याइतकं दीर्घ आयुष्य खांद्याच्या सांध्याला मिळालं ते न्यूयॉर्कमध्ये. चार्ल्स नीअर यांच्यापुढे अडचण होती ती मोडलेल्या खांद्यांची. दंडाच्या हाडाचं डोकं तुकडे होऊन निखळलं की त्याचा रक्तपुरवठा तुटतो, आणि तेव्हाची रीत ते डोकं काढून टाकण्याची होती. हात राहायचा, पण लोंबता. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला नीअर यांनी व्हायटॅलियम या कोबाल्ट-क्रोम मिश्रधातूचं डोकं आणि हाडाच्या पोकळीत जाणारा दांडा एकसंध घडवून बसवायला सुरुवात केली. 1955 मध्ये त्यांनी पहिल्या 12 रुग्णांची हकीगत छापली. 1974 मध्ये झिजेच्या संधिवाताने खराब झालेल्या खांद्यांवरचा त्यांचा मोठा लेख आला. त्याच सुमारास डोक्यासमोरच्या बशीतही प्लास्टिकची वाटी सिमेंटने बसवायची पद्धत रूढ होऊ लागली. माझ्या खांद्यात जे आहे, ते त्याच घराण्यातलं.

ते प्लास्टिक आलं खुब्याच्या वाटेने. इंग्लंडमधल्या रायटिंग्टन रुग्णालयात जॉन चार्नली यांनी 1958 पासून खुब्याच्या वाटीसाठी टेफ्लॉन वापरलं होतं. घसरडं, गुळगुळीत, शरीराला निरुपद्रवी. सुमारे 300 रुग्णांत ते बसल्यावर कळलं की ते भराभर झिजतंय आणि त्याच्या भुकटीभोवती चिजासारख्या गाठी होताहेत. चार्नलींनी टेफ्लॉन आणि नवं प्लास्टिक, पॉलिथिलिन, दोन्हींचे कण स्वतःच्याच मांडीत टोचून घेतले. टेफ्लॉनच्या जागी गाठ आली, पॉलिथिलिनच्या जागी तसं काही झालं नाही. 1962 च्या नोव्हेंबरपासून त्यांनी पॉलिथिलिन वापरलं आणि आजच्या कृत्रिम सांध्यांचं युग सुरू झालं.

मांडीतल्या त्या चाचणीने जे सांगितलं ते खरं होतं, पण पुरतं नव्हतं. पॉलिथिलिन झिजतं ते फार हळू, आणि त्याची भुकटी इतकी बारीक असते की शरीरातल्या भक्षक पेशी ती गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. अशा चिडलेल्या पेशी जे रासायनिक निरोप सोडतात, ते शेजारच्या हाड पोखरणाऱ्या पेशींना कामाला लावतात. काही वर्षांनी एक्स-रेत वस्तूभोवती काळ्या पोकळ्या दिसू लागतात. आधी याचा दोष सिमेंटवर गेला. 1987 मध्ये त्याला ‘सिमेंटचा आजार’ असं नावही मिळालं, आणि मग सिमेंटशिवाय बसवलेल्या खुब्यांतही त्याच पोकळ्या दिसल्या! आरोपी चुकला होता. हाड जे सांगत होतं ते प्लास्टिकविषयी होतं.

*

खांद्यात ही गोष्ट आणखी एका वळणाने घडते. 1988 मध्ये अमेरिकेतल्या सिअॅटलच्या डॉक्टरांनी सुटलेल्या वाट्यांचा अभ्यास छापला आणि त्यात एक उपमा वापरली : डुलणारा लाकडी घोडा. डोकं आवळून धरणाऱ्या स्नायूंच्या दोऱ्या फाटल्या की डोकं वर सरकतं आणि वाटीच्या वरच्या कडेवर बसतं. वरची कड दबली की खालची उचलली जाते. हात दर वेळी उचलताना वाटी डुलते. दिवसातून शेकडो वेळा, वर्षानुवर्षं. शेवटी सिमेंट आणि हाड यांच्यात फट पडते. एक्स-रेत ती काळ्या रेघेसारखी दिसते.

माझ्या फोटोतली रेघ हीच का? इथे मला इतिहासाच्या शिक्षणाचा उपयोग झाला. एकटा दस्तऐवज काही सांगत नाही. अशी रेघ कधी कधी शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्याच फोटोत असते. सिमेंट भरताना हाडावर रक्ताचा थर राहिला तरी ती दिसते. अशी रेघ वीस वर्षंही तशीच राहू शकते. चिंतेची असते ती वाढणारी, रुंदावणारी, वाटीला सगळीकडून वेढणारी रेघ. म्हणजे प्रश्न रेघ आहे का हा नव्हे; आधीच्या फोटोपासून ती किती चालून आली, हा. डोळ्यांना हा फरक नीट कळत नाही म्हणून स्वीडनमध्ये लुंड इथे यॉरान सेल्विक यांनी 1974 मध्ये एक पद्धत मांडली. टँटलम धातूचे बारीक मणी हाडात पेरायचे, दोन दिशांनी एकदम एक्स-रे घ्यायचे आणि वस्तू मिलिमीटरच्या अंशाने जरी हलली तरी ती मोजायची. ही पद्धत संशोधनापुरती राहिली. आपल्यासारख्यांना आहे तो साधा फोटो, आणि त्याच्या शेजारी ठेवायला जुना फोटो.

माझ्या दंडाच्या हाडाची फिकट झालेली कड ही मात्र दुसऱ्या जातीची गोष्ट आहे. तिथे प्लास्टिक नाही, भुकटीही फारशी नाही. तिथे आहे वोल्फ यांचा नियम.

कोबाल्ट-क्रोम हे हाडाच्या कठीण कवचाच्या मानाने दहापटीहून जास्त ताठ. टायटॅनियमचे मिश्रधातू त्यापेक्षा मऊ, तरी हाडाच्या पाच-सहा पट ताठच. अशी ताठ वस्तू मधोमध रोवली की भार आपला मार्ग बदलतो. पूर्वी जो भार खांद्याच्या डोक्यातून हाडाच्या वरच्या कडेत उतरायचा, तो आता धातूतून सरळ खाली जातो आणि दांड्याच्या टोकाशी हाडात शिरतो. वर हाडाला काम उरत नाही, खाली दुप्पट पडतं. म्हणून वरचं हाड विरळ होतं आणि टोकापाशी दाट. घरातल्या एकाच कर्त्या माणसाने सगळी कामं उरकली की बाकीचे हळूहळू कुचकामी होत जातात, तशातला हा प्रकार.

यात एक विरोधाभास आहे. 1952 मध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क हे स्वीडिश शास्त्रज्ञ सशाच्या हाडात टायटॅनियमची छोटी नळी बसवून आतलं रक्ताभिसरण पाहत होते. प्रयोग संपल्यावर नळी काढायला गेले तर निघेना. हाड तिला घट्ट चिकटून वाढलं होतं. पेआंच्या रुग्णात हाडाने परक्या वस्तूभोवती कवच बांधलं होतं, इथे त्याने ती वस्तू आपलीशीच केली. पुढे सांध्यांचे दांडे सिमेंटशिवाय बसवायला लागले ते याच भरवशावर : धातूचा पृष्ठभाग खडबडीत, सच्छिद्र करायचा आणि हाडाला आत येऊ द्यायचं. पण हाडाने दांड्याच्या टोकाशीच घट्ट पकड घेतली, तर वरचं हाड आणखी बेकार होतं. घट्ट बसणं हे यश, आणि तेच झिजेचं कारण.

खुब्यात हे आधीपासून दिसत होतं. खांद्यावर एरवी शरीराचं वजन नसतं, म्हणून तिथे असं व्हायचं नाही असा समज होता. 2003 मध्ये नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांनी खांद्याच्या दांड्यांभोवतालच्या हाडाची जाडी जुन्या-नव्या फोटोंवर मोजली. सरासरी पाच वर्षांच्या पाठपुराव्यात सुमारे 9 टक्के रुग्णांत वरच्या-बाहेरच्या भागातलं हाड लक्षणीय पातळ झालेलं होतं. आणि ज्यांच्यात ते झालं त्यांचे दांडे इतरांपेक्षा जाड होते. हाडाची पोकळी गच्च भरणारा दांडा म्हणजे पक्कं काम, ही सुताराची समजूत इथे उलटली होती. त्यानंतर दांडे बारीक होत गेले, आखूड झाले. 2004 पासून युरोपात मुळी दांडाच नसलेले, हाडाच्या वरच्या भागातच रोवायचे सांधे बसू लागले.

*

याच काळात फ्रान्समध्ये सांधाच उलटा झाला. दिजोंचे पॉल ग्रामों यांना प्रश्न पडला होता तो दोऱ्या फाटलेल्या रुग्णांचा. अशा खांद्यात नीअर पद्धतीचा सांधा डुलणाऱ्या घोड्याच्या वाटेने जातो. ग्रामों यांनी 1985 पासून गोळा बशीच्या जागी आणि वाटी दंडाच्या हाडावर बसवून पाहिली. फिरण्याचा मध्यबिंदू आत आणि खाली सरकला, आणि खांद्याला झुलीसारखा झाकणारा मोठा डेल्टॉइड स्नायू एकटा हात उचलू लागला. ज्यांना हात कानापर्यंतही नेता येत नव्हता, ते डोक्यावर नेऊ लागले. आज जगात अनेक ठिकाणी सरळ सांध्यांपेक्षा हे उलटे सांधेच जास्त बसतात.

हाडाने यालाही उत्तर दिलं. हात खाली सोडला की वाटीची आतली कड फऱ्याच्या हाडाच्या मानेवर घासते, आणि तिथे खाच पडते. 2004 मध्ये फ्रान्समधल्या अनेक रुग्णालयांतल्या 80 खांद्यांचा अभ्यास आला, त्यात जवळजवळ 64 टक्के खांद्यांत अशी खाच होती. खाचेच्या चार पायऱ्या ठरवल्या गेल्या : हाडापुरती, खालच्या स्क्रूपर्यंत, स्क्रूच्या पलीकडे, आणि गोळ्याच्या पायापर्यंत. आधी पुष्कळांनी तिला किरकोळ मानलं, कारण रुग्ण खूश होते. नंतर मोठ्या खाचांच्या रुग्णांची ताकद आणि हालचाल उणी पडते, असं अभ्यासांतून पुढे येऊ लागलं. मग गोळा थोडा खाली बसवणं, थोडा बाहेर काढणं, वाटीचा 155 अंशांचा कोन कमी करणं, असे बदल झाले. खाचा कमी झाल्या. नव्या रचनांना हाड काय म्हणतं, ते मात्र आणखी काही वर्षांनीच कळणार.

एक उत्तर याहूनही गुपचूप येतं. खांद्याच्या, काखेच्या त्वचेत राहणारा एक सौम्य जिवाणू आहे, क्युटिबॅक्टेरियम अॅक्नेस. 2016 पूर्वी त्याचं कुलनाव वेगळं होतं. तो ताप आणत नाही, जखम लाल करत नाही. रक्ततपासणीही अनेकदा निर्दोष येते. वर्षानुवर्षं तो दांड्याभोवतीचं हाड सैल करत राहतो. प्रयोगशाळेत त्याची वाढ दिसायला चौदा दिवस वाट पाहावी लागते. चार-पाच दिवसांत थाळ्या फेकून दिल्या जात तोवर असे कितीतरी खांदे ‘जंतूविना सैल झालेले’ म्हणून नोंदले गेले असतील.

*

एवढं वाचून झाल्यावर मी पुन्हा त्या काचेपाशी गेले. आता मला जाणवलं की या सगळ्या इतिहासात एकच अडचण पुन्हा पुन्हा येते. वस्तू बसवणारा आणि हाडाचं उत्तर वाचणारा, यांच्यामध्ये दहा-पंधरा वर्षं असतात. तेवढ्यात डॉक्टर निवृत्त होतो, रुग्ण गाव बदलतो, फोटो अडगळीत जातात, आणि तो नमुना बाजारातून जाऊन नवा आलेला असतो. चार्नलींना हे ठाऊक होतं. मृत्यूनंतर आपला सांधा तपासणीसाठी परत मिळावा, अशी संमती ते रुग्णांकडून घेत. स्वीडनने 1979 मध्ये खुब्याच्या सांध्यांची राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, डेन्मार्कने 2004 मध्ये खांद्यांची, आणि इंग्लंडच्या नोंदवहीत खांदे आले 2012 मध्ये. या नोंदवह्यांनी वाईट सांधे लवकर उघडे पाडले. पण त्या मुख्यतः मोजतात ती फेरशस्त्रक्रिया. हाड पातळ झालं, रेघ रुंदावली, पण माणूस आला नाही किंवा म्हातारपणामुळे पुन्हा कापायचं नाही असं ठरलं, तर नोंदवहीच्या लेखी तो सांधा उत्तम चाललेला असतो.

आणि फेरशस्त्रक्रिया करायची वेळ आलीच, तर पहिला प्रश्न असतो हाड किती उरलं आहे. बशीमागचं ते थोडकं हाड पोकळ झालं असेल तर कमरेच्या हाडाचा तुकडा आणून भरावा लागतो. म्हणजे आज न दुखणारी रेघ उद्याच्या दुसऱ्या संधीतून काहीतरी खात असते. वेळेवर पाहिलं तर ती संधी राखता येते.

माझ्याबरोबर त्याच आठवड्यात शस्त्रक्रिया झालेल्या एक बाई होत्या. फोनवर आमचं अजून बोलणं होतं. 2013 नंतर त्यांनी एकही फोटो काढलेला नाही. “चांगलं चाललंय ना, मग कशाला उगाच विघ्न?” असं त्या म्हणतात. मीही आधी हेच म्हणत होते. आता म्हणत नाही. हा लेख त्यांना वाचायला देणार आहे.

या वर्षीचा फोटो मी मागच्या महिन्यात काढून आले. दंड थोडा जरी वळला तरी हाडाची कड खोटी जाड किंवा खोटी पातळ दिसते, हे आता मला ठाऊक होतं. म्हणून मागच्या वर्षीचा फोटो बरोबर नेला आणि फोटो काढणाऱ्या मुलाला दाखवला. त्याने तो प्रकाशात धरून पाहिला, माझा हात धरून किंचित बाहेर वळवला, पुन्हा फोटो पाहिला आणि आणखी थोडा वळवला.

“आजी, तळहात पुढे. असाच राहू द्या,” तो म्हणाला. “श्वास रोखा.”

रेघ आहे तेवढीच आहे. वरची कड गेल्या वर्षीपेक्षा पातळ झालेली नाही. तो नववा फोटो मी आठव्याच्या शेजारी लावला आणि मागे पेन्सिलीने तारीख घातली.